गुडघा व गाल

गेल्या दोन वर्षांत आमच्या घरातल्या तिघांना एकच रसायन टोचून झालंय. सासऱ्यांना डोळ्यात, सासूबाईंना गुडघ्यात आणि मला गालात. सासऱ्यांचा मोतीबिंदू काढला तेव्हा निम्मी सोसायटी भेटून गेली. सासूबाईंच्या गुडघ्याच्या वेळी नणंद नाशिकहून मोसंबी घेऊन आली आणि तीन दिवस राहिली. माझ्या वेळी मी एकटीच रिक्षातून घरी आले. तोंडाला स्कार्फ होता आणि कुणी विचारलंच तर सांगायला दाढदुखी तयार ठेवली होती.

तर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, कोथरूडमध्ये दहावी-बारावीच्या गणिताचे क्लास घेणाऱ्या बाईनं चेहऱ्यात फिलर, म्हणजे बसलेली जागा भरून काढणारा जेल, टोचून घेतला. झालं लिहून.

सुरुवात साखरेपासून झाली. रक्तातल्या. रिपोर्ट पाहून डॉक्टर गप्प बसले, तेव्हाच मी काय ते समजले. दुसऱ्या दिवसापासून वेताळ टेकडी सुरू केली. पहाटे साडेपाचला घर सोडायचं आणि आठच्या बॅचला परत. भात सुटला, संध्याकाळची बाकरवडी सुटली. दीड वर्षात ७१ किलोंची मी ५७ वर आले. साखर आटोक्यात, ब्लाउज सगळे सैल. पण वजनाचा एक वाह्यातपणा असतो, जिथून जायला हवं तिथून ते शेवटी जातं आणि चेहऱ्यावरून आधी. माझे गाल बसले. डोळ्यांखाली दोन खड्डे पडले आणि संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये त्यांत सावली साचायला लागली.

मग चौकश्या सुरू झाल्या. ‘बरं नाहीये का?’ ‘किती वाळलीस गं!’ ‘घरी सगळं ठीक ना?’ टेकडीवरच्या एका काकांनी तर हळूच विचारलं, ‘सगळ्या टेस्ट करून घेतल्यात ना?’ चौदा किलो मेहनतीनं उतरवलेल्या बाईला हे ऐकून काय वाटतं ते त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. पुण्यात तब्येतीची चौकशी हे निरीक्षण असतं, उत्तराची कुणी वाट बघत नाही. तेवढं मी पचवलंही असतं. पण एका मंगळवारी मी अगदी उत्साहात इंटिग्रेशन बाय पार्ट्‌स शिकवत होते आणि पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आज लवकर सोडता का? तुम्ही खूप थकलेल्या दिसताय.’ मी जराही थकले नव्हते. माझा चेहरा मला न विचारता काहीतरी वेगळंच सांगत फिरत होता.

पहिला मूर्खपणा मी पार्लरमध्ये करणार होते. नाव लिहीत नाही. आयब्रो करायला गेले होते, तिथल्या मुलीनं पेनसारखं एक यंत्र दाखवलं. सुई नाही, दुखत नाही, दाबाच्या जोरावर औषध थेट कातडीत जातं, ओठ किंवा गाल भरून मिळतात, सात हजार, आज केलं तर पाच. ‘डॉक्टर कोण?’ विचारलं तर म्हणाली, ‘डॉक्टर कशाला, मी कोर्स केलाय.’ घरी येऊन वाचलं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२१ मध्येच लोकांना आणि डॉक्टरांनाही सांगितलंय की फिलरसाठी असली बिनसुईची पेनं वापरू नका. औषध किती खोल आणि कुठे जातंय, यावर त्यांत ताबाच राहत नाही. त्या पार्लरमध्ये मी अजून आयब्रोला जाते. दोरा तिच्या हातात चांगला चालतो.

मग मात्र मी गणिताच्या बाईसारखी कामाला लागले. त्वचारोगात एमडी झालेल्या तीन डॉक्टरांची नावं काढली, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची त्यांची नोंदणी पाहिली. प्रभात रोडच्या एका गल्लीतल्या डॉक्टरीणबाई निवडल्या, कारण फोनवर त्यांच्या रिसेप्शनिस्टनं पॅकेज शब्द एकदाही उच्चारला नाही.

त्यांनी आधी माझं ऐकून घेतलं, मग हातात आरसा दिला. मी नाकापासून ओठांच्या कडेला उतरणाऱ्या दोन रेघा दाखवून म्हटलं, ‘ह्या भरा.’ त्या म्हणाल्या, ‘ह्या भरल्या तर तुमचं तोंड फुगल्यासारखं दिसेल. रेघ खाली दिसतेय, पण सांडलंय वरून.’ मग त्यांनी समजावलं. चेहऱ्यात कातडीखाली चरबीच्या वेगवेगळ्या गाद्या असतात, काही वर, काही हाडाला लागून खोल. वय वाढलं, वजन उतरलं की त्या पातळ होतात. शिवाय खालचं हाडही झिजतं, डोळ्याची खोबण रुंदावते, वरचा जबडा मागे सरतो. कातडी तेवढीच राहते. उशीतला कापूस कमी झाला म्हणून अभ्र्याला इस्त्री करून काय होणार? त्यात कापूसच घालावा लागतो.

बोटॉक्स आणि फिलर यांत माझा तोपर्यंत गोंधळ होता. बऱ्याच जणींचा असतो, म्हणून लिहिते. बोटॉक्स स्नायूला सैल करतं, त्यामुळे कपाळाला आठ्या घालताना पडणाऱ्या सुरकुत्या कमी होतात. फिलर स्नायूला काही करत नाही. तो जेल आहे. जिथे घालाल तिथे जागा व्यापतो, बस्स.

आणि हा जेल कशाचा, तर हायल्युरॉनिक ॲसिडचा. हा शब्द मी आधी वाचला होता, पण कुठे ते आठवेना. रात्री साडेअकराला आठवलं. उठून सासूबाईंच्या कपाटातली ‘गुडघा’ लिहिलेली फाईल काढली. अस्थितज्ज्ञांनी त्यांच्या गुडघ्यात वंगण म्हणून टोचलेल्या औषधाच्या खोक्यावर तेच नाव होतं. मग हुरूप येऊन ‘नेत्र’ फाईलही काढली. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या कागदावर सोडियम हायल्युरोनेट, म्हणजे त्याच ॲसिडचा क्षार. शस्त्रक्रिया चालू असताना डोळ्याचा पुढचा कप्पा मिटू नये, आतल्या नाजूक थराला धक्का लागू नये म्हणून ते भरतात आणि काम झाल्यावर धुऊन काढतात. (आमच्या सासूबाई निवृत्त शिक्षिका. घरात प्रत्येक अवयवाची फाईल आहे.)

ती रात्र मी वाचनात काढली. हे रसायन सापडलं तेच मुळी डोळ्यात. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या द्रवातून ते वेगळं केलं. ग्रीकमध्ये काचेला हायलॉस म्हणतात, त्यावरून नाव. ते आपल्या सगळ्यांच्या अंगात असतंच. सत्तर किलोच्या माणसात साधारण १५ ग्रॅम, आणि त्यातला सुमारे तिसरा भाग शरीर रोज मोडतं आणि नवा बनवतं. म्हणून नुसतं टोचलं तर दोन-चार दिवसांत खलास. फिलरमध्ये त्याच्या लांबलचक रेणूंना एकमेकांशी रासायनिक टाके घालतात, मग मोडायला महिनोन्‌महिने लागतात. पुढे टोचून घेतल्यावर मी हिशेब मांडला. माझ्या खोक्यांवर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम लिहिलेलं होतं. दोन मिली म्हणजे ४० मिलिग्रॅम. शरीर रोज ५ ग्रॅमची उलाढाल करतं, म्हणजे माझ्या महागड्या गालांच्या १२५ पट, तेही फुकट. आणि दोन मिली म्हणजे अर्धा चहाचा चमचासुद्धा नाही. वरणावर आपण त्याहून जास्त तूप घेतो.

पूर्वी हे कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. अजूनही काही औषधांसाठी तिथूनच काढतात. फिलरसाठी आता बहुतेक ठिकाणी जिवाणू वापरतात. घसा धरणाऱ्या जंतूंच्या कुळातला एक, त्याला टाकीत वाढवायचा, विरजण लावावं तसा, आणि त्यानं बनवलेलं शुद्ध करून घ्यायचं. म्हणजे माझे गाल शाकाहारी. सासूबाईंच्या खोक्यातल्या बारीक इंग्रजी कागदावर मात्र लिहिलं होतं की पक्ष्यांच्या प्रथिनांची, पिसांची किंवा अंड्यांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगा. आमच्या घरात अंडं आलं तर वेगळ्या भांड्यात, गॅलरीत उकडतात. ही माहिती मी अजून वापरलेली नाही. राखून ठेवली आहे. सासूबाई ब्लॉग वाचत नाहीत.

ह्या सगळ्याचा पूर्वेतिहास काही गोड नाही. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेरसुनी या शल्यचिकित्सकानं पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीच्या मेणाचा भाऊ, टोचायला सुरुवात केली. मग युरोपातल्या श्रीमंत बायकांनी नाकं सरळ करून घेतली आणि ते मेण पुढे सरकलं, गाठी झाल्या, काहींचे चेहरे कायमचे बिघडले. १९८१ मध्ये अमेरिकेत गाईचं कोलाजेन, म्हणजे कातडीतलं एक प्रथिन, टोचायला परवानगी मिळाली, पण त्याची ॲलर्जी येई म्हणून आधी हातावर टोचून कित्येक दिवस वाट बघावी लागे. रेस्टिलेन हा हायल्युरॉनिकचा फिलर युरोपात १९९६ ला आला, अमेरिकेत २००३ च्या डिसेंबरात.

पण हे वाचता वाचता पुणं भेटलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक कापलं, एक हातही तोडला. वर्षभर बिननाकाचा राहिल्यावर त्याला पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीच्या माणसानं नवं नाक बसवून दिलं. आधी मेणाचं नाक करून मापाला बघितलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, त्याच आकाराची कातडी कापून खाली वळवली आणि नाकाच्या जागी लावली. दोन इंग्रज डॉक्टर तिथे बघायला होते. ते वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जननं वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, तसं नाक तिकडे पहिल्यांदा केलं. त्या वीटवाल्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. बैलवाल्याचं आहे, डॉक्टरांचं आहे, वाचून शिकलेल्याचंही आहे. वाईट एवढंच वाटलं की प्रभात रोडपासून कुठल्याशा कोसावर हे घडलं आणि मला ते त्रेपन्नाव्या वर्षी, स्वतःचे गाल बसल्यावर कळलं.

असो. डॉक्टरीणबाईंकडे दुसऱ्यांदा गेले ती प्रश्नांची यादी घेऊन. त्यांतला एकच प्रश्न खरा महत्त्वाचा होता. ‘चुकून रक्तवाहिनीत गेलं तर?’

त्यांनी तो टाळला नाही, म्हणून मी तिथे करून घेतलं. म्हणाल्या, सूज येते, काळंनिळं होतं, कधी गाठ लागते, हे सगळं निभावतं. डोळ्याखाली फार वरच्या थरात पडलं तर प्रकाश विखुरून तिथे निळसर झाक दिसते, टिंडल इफेक्ट म्हणतात त्याला. पण जेल धमनीत, म्हणजे शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिनीत, शिरला आणि ती बंद झाली, तर पुढची कातडी मरू शकते. पहिली खूण म्हणजे जागा एकदम पांढरी पडते, मग जाळीसारखे जांभळे डाग, आणि बहुधा प्रमाणाबाहेरचं दुखणं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, चेहऱ्यावरच्या काही वाहिन्या आतून डोळ्याच्या वाहिनीला जोडलेल्या असतात. दाबानं जेल उलटा ढकलला गेला तर नजर जाते, आणि ती बहुतेक परत येत नाही. दोन भुवयांमधली जागा आणि नाक ह्या बाबतीत सगळ्यात धोक्याच्या. फार क्वचित घडतं, पण घडतं.

‘मग उपाय?’ त्यांनी उठून छोटा फ्रिज उघडून दाखवला. हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम, छोट्या बाटल्या, मी तारखा वाचल्या. ते टोचलं की हायल्युरॉनिकचा जेल विरघळतो. अडलं तर लगेच, भरपूर आणि पुन्हा पुन्हा टोचायचं. नुसता आकार आवडला नाही तरी त्यानंच काढता येतो. ही सोय फक्त हायल्युरॉनिकला. कायमचे म्हणून जे फिलर विकतात, त्यांना असा उतारा नाही. माझं म्हणणं, जिथे ह्या बाटल्या फ्रिजमध्ये नाहीत तिथे खुर्चीवर बसूच नये. मग ते कितीही चकाचक असो आणि कॉफी कितीही चांगली देत असो.

आठवडाभर आधी माशाच्या तेलाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, रक्त पातळ राहतं म्हणून. ॲस्पिरिन कुणी हृदयासाठी घेत असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही, आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं, हेही बजावलं. दातांचं काही काम असेल तर पुढे-मागे दोन आठवडे नको. तोंडातले जंतू रक्तात उतरतात आणि जेलवर ठाण मांडतात.

तो दिवस नोव्हेंबरातला, दिवाळीच्या बॅचा संपल्यावरचा. फोटो काढले, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. बधिर करणारं मलम लावून पाऊण तास बसवलं. मग पांढऱ्या पेन्सिलीनं गालावर रेषा आणि बिंदू. मी आरशात बघितलं तर त्रिकोणाचा मध्यगासंपात काढायला घेतल्यासारखं दिसत होतं. गालाच्या हाडावर सुईनं, अगदी हाडाला टेकवून, थोडं थोडं. दर वेळी आधी दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का बघायच्या. डोळ्याखाली मात्र कॅन्युला, म्हणजे टोकाला बोथट असलेली लांब नळी. एका भोकातून आत घालून ती सरकवतात. दुखत नाही म्हणणार नाही, पण दुखण्यापेक्षा विचित्र जास्त. आतून करकर असा आवाज येतो, सुक्या कोबीचं पान मोडल्यासारखा, आणि तो कानांना नाही, कवटीला ऐकू येतो.

दोन सिरिंज, प्रत्येकी एक मिली. गालांना घट्ट जेल, डोळ्यांखाली मऊ. मऊ सिरिंजमधलं ०.४ उरलं. माझ्यातली सदाशिव पेठेत जन्मलेली मुलगी जागी झाली. ‘हे पुढच्या वेळेसाठी ठेवता येईल ना?’ डॉक्टरीणबाई हसल्या. उघडलेली सिरिंज ठेवायची नसते, जंतू जातात. कुठे अर्धी ठेवलेली वापरत असतील तर तिथून उठून यायचं, म्हणाल्या. माझा डावा गाल जास्त बसलेला होता. उरलेलं बरंचसं तिथे पुढच्या बाजूला गेलं, थोडं उजव्याला. तिसरी सिरिंज घेऊ का विचारलं तर म्हणाल्या, ‘नको. तुमच्या विद्यार्थ्यांना कळता कामा नये.’

बिल असं. २४ हजाराच्या दोन सिरिंज, ४८ हजार. त्यावर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी, ८,६४०. एकूण ५६,६४०. आजारपणावरच्या उपचाराला हा कर माफ आहे. सौंदर्यासाठीच्या उपचाराला माफ नाही, जन्मजात व्यंग किंवा अपघातानं गेलेलं परत आणायचं असेल तरच. मेडिक्लेमचा प्रश्नच नाही.

निघताना सूचना मिळाल्या. दोन दिवस टेकडी नाही, वाफ नाही, चेहऱ्याला मालिश नाही, पालथं झोपायचं नाही आणि गाल दाबले जातील म्हणून हेल्मेट नाही. हेल्मेट घालू नका असं पुणेकराला सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. म्हणून ॲक्टिव्हा तिथेच ठेवून रिक्षा. स्कार्फ सैलसर. ह्या शहरात बायका तोंड गुंडाळून फिरतात त्याला लोक हसतात, पण त्या दिवशी मी त्या सुती कापडाला मनातल्या मनात नमस्कार केला.

संध्याकाळी नवरा घरी आला तो पांढराफटक. जॉइंट खात्यातून क्लिनिकला छप्पन्न हजार गेल्याचा मेसेज त्याला मीटिंगमध्ये आला होता. वजन उतरतंय, लोक विचारतायत, आणि हिनं गुपचूप कुठल्यातरी क्लिनिकला एवढे पैसे भरले. त्यानं त्याचं गणित मांडलं होतं. मी सांगितलं तेव्हा तो आधी खुर्चीवर बसला, मग चिडला. ‘गालाचं सांगायला काय झालं होतं?’ खरंच, काय झालं होतं? साखरेचं मी त्याला पहिल्या मिनिटाला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी डाव्या डोळ्याखाली जांभळं झालं. अपेक्षित होतं. सासूबाईंना दाढदुखी सांगितली, त्यांनी लवंग दिली. ऑनलाइन बॅचला मी कॅमेरा बंद ठेवला. राहिल्या आमच्या कामाच्या मावशी. त्या भांडी घासता घासता माझ्याकडे बघत राहिल्या. नळ बंद केला, हात पुसले, स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि अगदी खाली आवाजात म्हणाल्या, ‘ताई, साहेबांनी?’

माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. बावीस वर्षं त्या आमच्याकडे येतात. मी दाढदुखी म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की बायका नेमकं हेच सांगतात, दार लागलं, पडले, दाढ दुखते. आता खरं सांगितलं नाही तर ते माझ्या नवऱ्यावर शेकणार होतं. मग सगळं सांगितलं. सुई, जेल, किती पैसे तेसुद्धा. मावशींनी माझ्या गालाजवळ चेहरा आणून नीट बघितलं. ‘माझे बी बसलेत,’ म्हणाल्या, ‘पण माझ्या दाढा काढल्यात ना चार. दाढ गेली की गाल जातोच आत.’ डॉक्टरीणबाई हाडाबद्दल जे वीस मिनिटं सांगत होत्या ते मावशींनी एका वाक्यात संपवलं. दात गेला की त्याला धरून ठेवणारं हाड झिजतं, वरचं सगळं आत येतं. ‘मला आधी दाढाच बसवायच्यात,’ असं म्हणून त्यांनी नळ सुरू केला. त्या दिवशी कढई जरा जास्तच घासली गेली.

निळं आठ दिवसांनी गेलं. सूज त्याआधीच. पंधरा दिवसांनी दाखवायला गेले, फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले. मी तरुण दिसत नव्हते. त्रेपन्नाची, नीट झोप झालेली बाई दिसत होते. टेकडीवरचे काका म्हणाले, ‘आता बऱ्या दिसता. रिपोर्ट चांगले आले वाटतं.’ मी हो म्हटलं. पहिल्या बाकावरच्या मुलीला काही कळलं नाही, तिची प्रीलिम जवळ आली होती. गालांचं वर्ष-दीड वर्ष टिकेल असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. पुन्हा करीन की नाही, माहीत नाही. ५६,६४० ही रक्कम मला अजून तोंडपाठ आहे, ह्यावरून काय ते समजा.

सासूबाईंना कळलं मार्चमध्ये, आयकराचे कागद काढताना. माझं बिल आणि त्याला जोडलेलं खोक्यावरचं लॉट नंबरचं स्टिकर, पेशंटच्या नोंदीसाठी देतात ते, दोन्ही माझ्या पाकिटातून निघून टेबलावर पडलं होतं. त्यांनी चष्मा लावला.

‘हे माझ्या गुडघ्याचं बिल इथे कसं?’

‘तुमचं नाही, आई. माझं आहे.’

‘तुझा गुडघा दुखतोय? मग टेकडीवर कशाला मरायला जातेस?’

‘गुडघ्यात नाही घेतलं.’

‘मग कुठे?’

मी गालाला बोट लावलं. त्या उठल्या, मला खिडकीपाशी नेलं, हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडे वळवला. लहानपणी वही तपासणाऱ्या बाई असायच्या तसं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

‘नोव्हेंबरात तुझी दाढ दुखत होती.’

‘हो.’

‘लवंग वाया गेली माझी.’ मग जरा थांबून, ‘दुखलं का फार?’

‘थोडं.’

‘मला जास्त दुखलं होतं,’ त्या समाधानानं म्हणाल्या आणि पुन्हा बिलाकडे वळल्या. ‘हे ८,६४० कसले?’

मी कराचा नियम सांगितला. गुडघ्याला माफ, गालाला अठरा टक्के. त्यांनी तो दोनदा सांगायला लावला. पहिल्यांदा ऐकू आलं नाही म्हणून, दुसऱ्यांदा पटलं नाही म्हणून. ‘अठरा टक्के!’ असं त्या जेवताना म्हणाल्या, दुपारी झोपून उठल्यावर म्हणाल्या आणि रात्री नणंदेचा फोन आला तेव्हा तिलाही, माझं नाव न घेता, ‘सरकार हल्ली कशाकशाला अठरा टक्के लावतं’ असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेकडीवरून आले तर डायनिंग टेबलावर त्यांची फाईल होती. माझं बिल भोकं पाडून त्यात लावलेलं, स्टिकर खाली खळीनं चिकटवलेलं. फाईलच्या पाठीवर त्यांच्या शिक्षकी अक्षरात पूर्वी ‘गुडघा’ लिहिलेलं होतं. त्यापुढे वेगळ्या पेननं, जागा पुरेना म्हणून जरा दाटीवाटीनं, ‘व गाल’ लिहिलेलं होतं.